स्पिरुलिनापासून छोट्या युनिटमध्ये प्रोटीन वेगळं काढता येतं का? वास आणि रंगाचं काय करायचं?

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात आमच्या बचत गटाचं स्पिरुलिनाचं (म्हणजे खायच्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं) छोटं युनिट आहे. सिमेंटच्या टाक्या, वर शेडनेट, सकाळी कापडातून गाळून हार्वेस्ट, मग दाबून पाणी काढायचं, सोऱ्यातून शेवया पाडायच्या, सोलर ड्रायरमध्ये वाळवायच्या आणि पावडर करायची. आजपर्यंत सगळी पावडर कॅप्सूलवाल्यांना जायची पण आता ते देतात त्या भावात मजुरी पण सुटत नाही म्हणून गटातल्या बायकांचं ठरलंय की आपणच खायचा माल बनवू, लाडू, चिक्की, थालीपिठाची भाजणी, मुलांसाठी काहीतरी.

अडचण एकच, रंग आणि वास. लाडवात चमचाभर जास्त पडली की मुलं तोंडात घेऊन परत काढतात. मग एका व्हिडिओत बघितलं की प्रोटीन वेगळं काढलं की वास रंग दोन्ही जातात, त्यात त्यांनी पावडर पाण्यात कालवून सोडा घातला, निवळ वरचं पाणी घेतलं, त्यात आम्ल घातलं की प्रोटीन खाली बसतं. आम्ही तसंच करून बघितलं, खाण्याचा सोडा आणि नंतर लिंबू. साका बसला पण हिरवट तपकिरी, शेवाळलेल्या चिखलासारखा, वास होता तिथेच, आणि निघालं पण फार थोडं. हे असंच होतं का, की यासाठी काही वेगळं मशीन लागतं? आमच्याकडे पावडरचा लॅब रिपोर्ट आहे, प्रोटीन ६२ टक्के. एवढं प्रोटीन असलेली वस्तू फक्त वासापायी पडून राहते याचं फार वाईट वाटतं. ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, लांबलं तरी चालेल.

डेअरी_इंजिनिअर

ताई, तुमची पद्धत मुळात बरोबर आहे, मोठ्या प्लांटमध्ये पण तत्त्व हेच. दुधात लिंबू पिळलं की पनीर वेगळं होतं ना, दुधातलं प्रोटीन म्हणजे केसीन साधारण पीएच ४.६ ला (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) एकमेकांना चिकटून खाली बसतं, तसंच स्पिरुलिनाचं बरंचसं प्रोटीन ३ ते ४ च्या आसपास बसतं. फरक असा की दुधात केसीन आधीच पाण्यात मोकळं तरंगत असतं आणि इथे ते पेशीच्या आत बंद आहे. म्हणून आधी पेशी फोडायची, मग प्रोटीन विरघळवायचं, मग चोथा बाजूला काढायचा, आणि मग आम्ल.

तुमचं थोडं का निघालं त्याचं कारण खाण्याचा सोडा. त्याने पीएच जेमतेम ८.३ पर्यंत जातो आणि तुमची स्पिरुलिना टाकीत १० पीएचला सुखात वाढतेच की, तिला त्याचं काहीच वाटत नाही. इंडस्ट्रीत फूड ग्रेड कॉस्टिक सोडा घालून १० ते १२ पर्यंत नेतात, वर हाय प्रेशर होमोजिनायझर नाहीतर अल्ट्रासाउंडने पेशी फोडतात, सेंट्रीफ्यूजने चोथा काढतात. कृपा करून कॉस्टिक घरगुती युनिटमध्ये आणू नका. हातावर डोळ्यात उडालं तर भाजतं, आणि फार जास्त अल्कलीत गरम केलं तर प्रोटीनमधलं लायसिन हे गरजेचं अमिनो ॲसिड वाया जाऊन लायसिनोअलॅनिन नावाचा नको असलेला पदार्थ बनतो, म्हणजे जे वाचवायला निघालो तेच घालवून बसायचं.

आता तपकिरी रंग. क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, आम्ल लागलं की ते निघून जातं आणि हिरव्याचा मेंदी-तपकिरी रंग होतो. पालकाच्या भाजीत चिंच घातल्यावर जे होतं ते हेच. वर स्पिरुलिनातलं निळं रंगद्रव्य, फायकोसायनिन, ते पण एवढ्या आम्लात टिकत नाही. म्हणजे नुसत्या सोडा-आम्लाने रंग *जाणारच* नाही, तो बदलेल फक्त, कारण क्लोरोफिल आणि फॅट दोन्ही प्रोटीनला चिकटून त्याच्याबरोबरच खाली बसतात. वास पण त्या फॅटमध्येच आहे. ते काढायला मोठ्या कंपन्या इथेनॉलने धुतात. त्याला आपल्याकडे एक्साइजचा परवाना, आगीची व्यवस्था, वापरलेलं अल्कोहोल परत मिळवायची यंत्रणा, एवढं सगळं लागतं. बचत गटाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

आणि हिशेब बघा. काही प्रोटीन चोथ्यात राहतं, काही आम्ल घातल्यावरही वरच्या पाण्यात राहतं, काही धुताना जातं. किलोभर चांगल्या पावडरमधून शेवटी हातात येणारं आयसोलेट, म्हणजे वेगळं काढलेलं प्रोटीन, इतकं कमी असतं की तुमचा भाव अजून वर जाईल. त्या मानाने अख्खी स्पिरुलिना तशीच खाल्ली तर पोटाला काही अडत नाही, कारण तिच्या पेशीला सेल्युलोजची भिंतच नाही, पातळ आवरण आहे, ८५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन पचतं. ज्याची पेशी आधीच मऊ आहे त्याचं प्रोटीन वेगळं काढायचा एवढा खटाटोप कशाला?

नेदरलँड्सहून

वरच्या पोस्टशी बरंचसं सहमत पण थोडी भर घालतो. मी वाखेनिंगेनजवळ राहतो, इथल्या विद्यापीठात मायक्रोअल्गीवर फार जुनं काम आहे, २०११ ला अल्गीपार्क नावाचं मोठं पायलट केंद्र उघडलं तेव्हापासून हा विषय मी फॉलो करतोय, नोकरी पण फूड प्रोसेसिंगमध्येच.

पेशी फोडण्याचा खरा प्रश्न क्लोरेला या दुसऱ्या खायच्या शेवाळाचा आहे. तिची भिंत जाड आणि चिवट, नुसती वाळवून खाल्ली तर बरंच प्रोटीन आतल्या आत राहून बाहेर पडतं. म्हणून क्लोरेलाच्या डब्यावर 'क्रॅक्ड सेल वॉल' लिहितात. त्यासाठी बीड मिल वापरतात, म्हणजे बारीक काचेच्या किंवा सिरॅमिकच्या मण्यांमध्ये घोळ वेगाने फिरवायचा, मण्यांच्या घासण्याने पेशी फुटतात. यात माल तापतो म्हणून बाहेरून सतत थंड करावं लागतं, आणि वीज प्रचंड खातं. शिवाय टाकीतलं शेवाळ मुळात इतकं पातळ असतं (लिटरला एखादा ग्रॅम, कधी त्याच्याही निम्मं) की पाणी काढण्यातच बराच खर्च होतो. तुमची स्पिरुलिना लांब मळसूत्री धाग्याची आहे म्हणून कापडात अडकते, क्लोरेला काही मायक्रॉनचा गोळा, कापडातून सरळ निघून जाते, तिथे सेंट्रीफ्यूजशिवाय पर्याय नाही. ही तुमची फार मोठी जमेची बाजू आहे, ती लक्षात ठेवा.

रंगाचं म्हणाल तर युरोपात एक वेगळा मार्ग धरलाय, क्लोरेला उजेडात न वाढवता अंधारात बंद फर्मेंटरमध्ये ग्लुकोजवर वाढवायची. उजेड नाही म्हटल्यावर क्लोरोफिल कमी बनतं, आणि क्लोरोफिल कमी असलेल्या खास जाती निवडून पिवळी आणि जवळजवळ पांढरी पावडर पण मिळते, वासही सौम्य. स्पिरुलिनाला हे जमत नाही.

आणि इथल्या संशोधकांचा एक मुद्दा मला फार पटतो, की शंभर टक्के शुद्ध प्रोटीनच्या मागे लागायचं कारणच नाही. कमी तापमानात, सौम्य पद्धतीने, अर्धशुद्ध भाग वेगळा काढला तर त्याचा फेस, इमल्शन वगैरे उलट चांगलं होतं. टेट्रासेल्मिस नावाच्या शेवाळाच्या विद्राव्य प्रोटीनवर इथे असं काम झालंय. म्हणून ताई, वेगळं काही काढायचंच असेल तर प्रोटीन नका काढू, निळा रंग काढा. फायकोसायनिन हे स्वतः प्रोटीनच आहे, चांगल्या स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात १० ते १५ टक्के आणि कधी त्याहून जास्त असतं, आणि जगभर नैसर्गिक निळा रंग म्हणून त्याला मागणी आहे, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) २०१३ मध्ये गोळ्या आणि च्युइंग गमसाठी स्पिरुलिना अर्काला मान्यता दिली तेव्हापासून तर फारच.

त्याला कॉस्टिक नको, अल्कोहोल नको. ताजा ओला लगदा डीप फ्रीजरमध्ये गोठवा, मग फ्रीजमध्ये हळूहळू वितळू द्या, बर्फाच्या सुयांनी पेशी फुटतात. थंड स्वच्छ पाणी घालून रात्रभर फ्रीजमध्येच ठेवा, सकाळी वरचं पाणी गडद निळं दिसेल, उजेडात तिरकं धरलं की लाल झाक मारतं. गाळून घ्या. खाली उरतो तो हिरवा लगदा, त्यात अजून भरपूर प्रोटीन असतं, तो भाजणीत जाऊ दे.

डेअरी_इंजिनिअर

निळ्याची कल्पना चांगली आहे, पण कुठे वापरायचं ते नीट सांगायला हवं नाहीतर ताई पाकात घालतील. फायकोसायनिन ४५-५० अंशांच्या वर फार वेळ टिकत नाही आणि ६०-७० ला तर झपाट्याने फिकं पडतं. आम्लात पण नाही. श्रीखंडाचा पीएच साडेचारच्या आत, तिथे ते गुठळ्या धरून बसतं. कुल्फी, आइस्क्रीम, थंड दूध, हे त्याचं खरं क्षेत्र, दूध साधारण न्यूट्रल आणि गारही. साखर भरपूर असली की थोडं जास्त टिकतं. आणि निळं पाणी म्हणजे प्रोटीनचं पाणी, त्यात बॅक्टेरिया लगेच वाढतात, म्हणून काढलं की लगेच वापरा नाहीतर गोठवा. विकायचं असेल तर शुद्धतेचं माप विचारतील, ६२० नॅनोमीटरचं शोषण भागिले २८० चं, ०.७ च्या वर असेल तर फूड ग्रेड धरतात. कॉलेजच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो, तिथे मोजून मिळेल.

टाकीवाली

मी बरीच वर्षं स्पिरुलिना करतेय, लातूर बाजूला. वरच्या सगळ्या हुशार लोकांनी एक गोष्ट विचारलीच नाही, की वास मुळात येतो कुठून. ताज्या स्पिरुलिनाला वास जवळजवळ नसतोच हो! टाकीतून गाळलेला ओला लगदा ब्रेडवर लावून खाऊन बघा, काही वाटत नाही. वास येतो तो धुण्यातल्या आणि वाळवण्यातल्या कसरीने.

धुताना, टाकीच्या पाण्यातला सोडा आणि क्षार पूर्ण निघाले पाहिजेत, नाहीतर पावडरीला खारट तुरट चव येते आणि राखेचं प्रमाण वाढतं. पण फार वेळ साध्या पाण्यात ठेवलं तर पेशी फुगून फुटतात. खालून येणारं पाणी निळसर दिसायला लागलं की तिथेच थांबायचं, निळं म्हणजे माल वाहून चाललाय. मग दाबायचं, हळूहळू, एकदम वजन टाकलं तरी फुटतात.

सोऱ्याची ताटली बारीक घ्या, शेवेची बारीक जाळी असते ती, जाड गाठीची नको. जाड शेवई बाहेरून कडक होते आणि आत ओली राहून आंबते, आणि तोच तो मासळीसारखा वास, एकदा बसला की जात नाही. ड्रायर ६० अंशांच्या वर नको आणि सकाळी घातलेला माल त्याच दिवशी उन्हं उतरायच्या आत मोडल्यावर टचकन तुटला पाहिजे. संध्याकाळी दमट काढून दुसऱ्या दिवशी परत घातला की वास आलाच समजा. ढगाळ दिवशी हार्वेस्टच करू नका. आणि थेट उन्हात उघडं वाळवू नका, रंग उडतो, कॅरोटीन जातं, धूळ माश्या वेगळ्याच. वाळली की लगेच दळून हवाबंद, उजेड न लागणाऱ्या पाकिटात. पारदर्शक बरणीत ठेवलेली हिरवीगार पावडर दुकानात छान दिसते आणि काही आठवड्यांत खवट होते, कारण तिच्यात गॅमा लिनोलेनिक सारखं फॅट आहे ते हवेने उजेडाने बिघडतं.

तुमच्या टाकीशेजारीच स्वयंपाकघर आहे ना, मग वाळवताच कशाला सगळी? थोडा माल ओलाच वापरा. कॅप्सूलवाल्यांना पावडर लागते म्हणून आपण पावडर करतो, खाणाऱ्याला पावडरच पाहिजे असं कुठे आहे.

मेहकरकर

विषयाला सोडून थोडं, आमच्या लोणार सरोवराचं पाणी हिरवं दिसतं ते स्पिरुलिनामुळेच ना? तिथलं बियाणं आणून वाढवलं तर आपल्या मातीतलं वाण होईल की.

टाकीवाली

दादा, हो, लोणारच्या खाऱ्या आणि १० पीएचच्या पाण्यात स्पिरुलिना, तिचं शास्त्रीय नाव आर्थ्रोस्पायरा, नैसर्गिक वाढते हे खरंय. पण एक तर ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर पाणथळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथून असं काही उचलता येत नाही. आणि दुसरं, खुल्या तळ्यात एकटी स्पिरुलिना कधीच नसते. सोबत दुसरी निळी-हिरवी शेवाळं असतात, त्यातल्या काही मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताला घातक विष करतात. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की मीठ आवडणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढलेत, म्हणजे एका तळ्यात काय काय असतं बघा. खायच्या मालासाठी बियाणं ओळखीच्या लॅबमधून तपासलेलंच घ्यायचं आणि मधून मधून मायक्रोस्कोपखाली बघायचं, मळसूत्राशिवाय दुसरं काही दिसतंय का.

नाशिकची_आहारतज्ज्ञ

मला प्रोटीनच्या आकड्याबद्दल बोलायचंय कारण त्यावरच सगळं उभं आहे. लॅबने ६२ टक्के दिलंय ते नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून. हा गुणक साधारण सगळ्या अन्नाला लावतात पण शेवाळात बराच नायट्रोजन प्रोटीनमध्ये नसतो, न्यूक्लिक आम्लात असतो, क्लोरोफिलमध्ये असतो, पेशीच्या आवरणात असतो. म्हणून शेवाळांसाठी अनेक जातींची सरासरी काढून ४.७८ हा गुणक सुचवला गेलाय. त्याने तुमचे ६२ टक्के ४७ च्या आसपास येतात. स्पिरुलिनाचा खरा आकडा या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असणार, नेमका हवा असेल तर लॅबला अमिनो ॲसिड प्रोफाइल करायला सांगा. तरीही आकडा उत्तमच आहे, त्यात शंका नाही.

पण तो १०० ग्रॅमचा आकडा आहे ताई, आणि लाडवात किती जाते? २५ ग्रॅमच्या लाडवात ५ टक्के घातली तर सव्वा ग्रॅम स्पिरुलिना. त्यातून मिळणारं प्रोटीन फार तर पाऊण ग्रॅमच्या आसपास. त्याच लाडवात निम्मा शेंगदाणा असेल तर तीन ग्रॅम तो देतो. म्हणजे प्रोटीनचं काम तुमच्या लाडवात शेंगदाणाच करतोय. लेबलवर 'हाय प्रोटीन' छापायला एफएसएसएआयच्या (आपलं अन्नसुरक्षा प्राधिकरण) दाव्यांच्या नियमात १०० ग्रॅममागे रोजच्या शिफारशीच्या निदान २० टक्के प्रोटीन लागतं, ते कदाचित शेंगदाण्याच्या जोरावर बसेलही, पण त्याचं श्रेय स्पिरुलिनाला देऊ नका. खरेदी करणारी आई दूध-डाळ कमी करून हा लाडू देईल ही मला खरी भीती आहे.

मग स्पिरुलिना घालायची कशासाठी? बीटा कॅरोटीनसाठी आणि लोहासाठी. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने तमिळनाडूत लहान मुलांना रोज १ ग्रॅम स्पिरुलिना देऊन व्हिटॅमिन एच्या कमतरतेवर मोठा प्रयोग केला होता, तो प्रोटीनसाठी नव्हता. तिथे ग्रॅमभर सुद्धा कामाचा ठरतो. तुमचा सव्वा ग्रॅमचा लाडू या हिशेबात अगदी योग्य आहे, मुळात जास्त घालायची गरजच नाही, आणि जास्त घातली नाही तर वासाचा प्रश्न पण निम्मा सुटतो.

एक विनंती, बी-१२ लेबलवर लिहू नका. स्पिरुलिनात जे बी-१२ सारखं दिसतं त्यातलं बहुतेक स्यूडो बी-१२ असतं, ते माणसाच्या शरीरात उपयोगी पडत नाही. आपल्याकडे शाकाहारी लोकांमध्ये बी-१२ ची कमतरता इतकी आहे की कोणी यावर विसंबून इंजेक्शन गोळ्या बंद केल्या तर नसांना कायमचा त्रास होऊ शकतो. गाऊटवाल्यांनी किंवा युरिक ॲसिड वाढलेल्यांनी पण डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण तिच्यात न्यूक्लिक आम्ल ४-६ टक्के असतं आणि त्यातून शरीरात युरिक ॲसिड बनतं. निरोगी माणसाला दिवसाला २ ग्रॅम न्यूक्लिक आम्लाची मर्यादा धरतात, त्या मानाने लाडवातलं काहीच नाही, पण वाटीभर पावडर शेक करून पिणारे जिमवाले पण मी बघितलेत.

भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलंच नव्हतं. गटात वाचून दाखवलं. आता प्रोटीन वेगळं काढायचा विचार सोडला. टाकीवाली ताई म्हणतात ते पटलं, आमची ताटली जाडच आहे आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी परत वाळवायला लागायचंच, वास तिथूनच येत असणार. बी-१२ चं तर कॅप्सूलवाल्यांच्या डब्यावरच छापलेलं असायचं म्हणून आम्ही पण तेच सांगत होतो, ते आजपासून बंद.

दोन गोष्टी अजून सांगा. चिक्कीत घालायची तर कधी घालायची, आणि ओला लगदा नेमका कशात घालू?

डेअरी_इंजिनिअर

चिक्कीचा पाक १२० अंशांच्या पुढे जातो. पातेलं गॅसवरून उतरवा, शेंगदाणे घाला, आणि पावडर शेंगदाण्याच्या कुटाबरोबर आधीच मिसळून सगळ्यात शेवटी. निळा रंग तरीही जाईल, जाऊ दे, गुळाच्या रंगात हिरवं तसंही लपतं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्न संशोधन संस्थेने स्पिरुलिनाची चिक्की केलीच आहे, त्यांच्याकडून तंत्रज्ञान रीतसर घेता येतं, एकदा चौकशी करा. त्यांचं स्पिरुलिनावरचं काम सत्तरच्या दशकातलं, जर्मनीच्या मदतीने सुरू झालेलं, तुमच्यासारख्या छोट्या युनिटचाच विचार त्यात होता. आणि विकण्याआधी एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा आणि सूक्ष्मजीव एवढं तपासून घ्याच. बोअरच्या पाण्यावर टाक्या असतील तर जास्तच.

टाकीवाली

ओला लगदा जिथे मुळात हिरवं चालतं तिथे घाला. कोथिंबीर वडी, पालक पराठा, मेथीचे मुटके, यात कोणी रंग विचारत नाही आणि लसूण मिरची वास खाऊन टाकते. पण हे त्याच दिवशी खायचे पदार्थ. लगदा फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यापुढे ठेवायचा तर छोट्या पाकिटांत गोठवून, एकदा वितळवलेला परत गोठवायचा नाही. टिकाऊ मालात ओलं बिलकुल नको, बुरशी येईल, तिथे पावडरच. आमच्याकडे सगळ्यात जास्त काय खपलं सांगू, कढीपत्त्याची कोरडी चटणी. रंग आधीच काळपट हिरवा, कढीपत्ता, लसूण, तीळ, खोबरं यांचा वास तगडा, आणि पावडर सगळं भाजून गार झाल्यावर घालायची असल्यामुळे तापवायचा प्रश्नच नाही. सुरुवात १०० ग्रॅमला ४-५ ग्रॅमने करा. तुमच्याकडे सोलापूरला शेंगा चटणीचे कांडप असतीलच, त्यांनाच कुटायला द्या, फक्त पावडर शेवटच्या हाताला.